दक्षिण ध्रुवाचा बर्फ आणि आपले पूल

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेत माझे नाव पाहून अनेकांना वाटले असेल, हा रुळांवर नाहीतर पुलांवर बोलणार. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. नोकरीची वीस-बावीस वर्षे पूल, कटिंग आणि भराव यांच्यातच गेली. शास्त्रज्ञ मी नव्हे. तरी आज विषय घेतला आहे तो थेट अंटार्क्टिकाचा. इथे बिलासपूरला बसून समुद्रच कितीतरी लांब, मग त्या बर्फाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि शेवटी मी पुलावरच येणार आहे, काळजी नसावी.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे बेट आहे. त्याची राजधानी होबार्ट. दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोचलेला नॉर्वेचा अमुंडसेन मार्च १९१२ मध्ये परतला तो याच बंदरात, आणि जगाला ती बातमी इथूनच तारेने गेली. या होबार्टमध्ये टास्मानिया विद्यापीठ आणि सरकारी खाती १९९१ पासून मिळून ध्रुवीय हवामानाचे व समुद्राचे संशोधन करत आली आहेत. मधे नावे बदलली, मुदती संपल्या, नवे करार झाले. २०१९ पासून त्या कामाचे नाव आहे 'ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक प्रोग्राम पार्टनरशिप'. पुढाकार विद्यापीठाचा, आणि तिथल्या केंद्र सरकारने दहा वर्षांसाठी पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले.

ही भागीदारी कशी चालते ते रेल्वेवाल्यांना एका शब्दात सांगतो : ब्लॉक. आपल्याला गर्डर बदलायचा असेल तर इंजिनीअरिंग एकटे काय करणार? ओएचईवाल्यांनी वीज बंद केली पाहिजे, सिग्नलवाल्यांनी तारा सोडवल्या पाहिजेत, ऑपरेटिंगने गाडी थांबवली पाहिजे. तिथेही तसेच. अंटार्क्टिक विभागाकडे बर्फ फोडणारे जहाज, विमाने आणि ध्रुवावरची ठाणी. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेकडे समुद्रात सोडायची उपकरणे. हवामान खाते, भूविज्ञान खाते, सागरी निरीक्षण यंत्रणा आणि राज्य सरकार यांचा आपापला वाटा. विद्यापीठाकडे प्राध्यापक, आणि मुख्य म्हणजे पीएच.डी. करणारी तरुण मुले. एकट्या विद्यापीठाला जहाज परवडत नाही आणि एकट्या खात्याला वीस वर्षे एका प्रश्नामागे लागणारी माणसे मिळत नाहीत. आपल्याकडे खाती एकत्र बसून जॉइंट नोट लिहितात ती गाडी घसरल्यावर. ही मंडळी घसरण्याच्या आधीच लिहायला बसली आहेत, एवढाच फरक.

आता घसरणार काय, ते पाहू. अंटार्क्टिकावरचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ५८ मीटर वर येईल. घाबरू नका, तो आपल्या नातवंडांच्या काळातही सगळा वितळणार नाही. पण हा बर्फ जागच्या जागी बसलेला नाही. तो स्वतःच्या वजनाने हिमनद्यांमधून हळूहळू समुद्राकडे सरकतो. समुद्रावर आल्यावर त्याचा जाड तरंगता थर होतो, आणि हा थर मागच्या बर्फाला रेटून धरतो. कटिंगच्या पायथ्याला आपण टो वॉल बांधतो ना, तेच काम. टो वॉल स्वतः कितीशी असते? पण ती खचली की वरचा उतार खाली येऊ लागतो. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण तो आधीच पाण्यात आहे. वाढते ती त्याच्या मागचा जमिनीवरचा बर्फ सुटल्यामुळे.

ही टो वॉल खालून झिजते. समुद्राचे पाणी साधारण उणे १.९ अंशाला गोठते. म्हणून शून्याच्या जरा खालचे पाणी आपल्याला हुडहुडी भरवील, पण बर्फाच्या दृष्टीने ते गरमच. असे पाणी खोल समुद्रातून येऊन बर्फाच्या पोटाखाली शिरते. पूर्व अंटार्क्टिकात टॉटन नावाची हिमनदी आहे. तिच्यामागच्या बर्फात समुद्र साडेतीन मीटर वाढवण्याइतके पाणी आहे. पूर्वेकडचा बर्फ पक्का आहे असे पुष्कळ वर्षे मानले जाई. जानेवारी २०१५ मध्ये होबार्टचे 'ऑरोरा ऑस्ट्रालिस' हे जहाज टॉटनच्या तोंडापर्यंत पोचले. स्टीव्ह रिंटूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले पाणी मोजले. गरम पाणी खोल दरीतून आत जात असल्याचे पहिल्यांदाच प्रत्यक्ष मोजमापाने दिसले.

पुढची हकिकत मला सर्वांत आवडते. आर्गो नावाचे तरंगते यंत्र असते. ते आपोआप खोल बुडते, वर येताना पाण्याचे तापमान आणि खारेपणा मोजते आणि उपग्रहाला कळवते. जगाच्या समुद्रांत अशी सुमारे चार हजार यंत्रे आहेत. आपल्या देशाची हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सांभाळते. असेच एक यंत्र टॉटनसाठी सोडले होते. ते प्रवाहाबरोबर पश्चिमेला वाहत गेले आणि डेनमन व शॅकलटन या भागांतल्या तरंगत्या बर्फाखाली शिरले. वर बर्फाचे छत, उपग्रहाशी संपर्क बंद. सगळ्यांना वाटले, गेले. आठ महिने ते बर्फाखाली होते, आणि मग बाहेर येऊन त्याने सगळ्या नोंदी पाठवल्या! ते नेमके कुठून कुठे गेले, हे कसे ओळखावे? वर येताना यंत्र दर वेळी बर्फाच्या छताला टेकत होते. छत किती खोलीवर लागले त्याची नोंद होती. उपग्रहांनी मोजलेल्या बर्फाच्या जाडीशी ती ताडून मार्ग काढला. हे निष्कर्ष २०२५ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. शॅकलटनखाली सध्या गरम पाणी पोचत नाही, डेनमनखाली मात्र पोचते. आणि डेनमनच्या मागे समुद्र दीड मीटर वाढवणारा बर्फ आहे.

आता पुलावर येतो. आपल्या प्रत्येक मोठ्या पुलाच्या पिअरवर एचएफएलची खूण असते, आजवरचा सर्वांत मोठा पूर. ब्रिज रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात. आपल्या आधीच्या कुणा पीडब्ल्यूआयने भर पावसात उभे राहून घेतलेल्या त्या रीडिंगवर आज आपण नवा गर्डर किती उंच ठेवायचा ते ठरवतो. मधली दहा वर्षे कुणी लिहिलेच नाही, तर ती जागा नंतर कितीही पैसे टाकून भरता येत नाही. पूर येऊन गेलेला असतो.

समुद्रालाही हेच लागू आहे. जुना पांबन पूल १९१४ मध्ये सुरू झाला आणि त्यावरून २०२२ पर्यंत गाड्या गेल्या. साधारण तेवढ्याच काळात, म्हणजे १९०१ ते २०१८ मध्ये, जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वाढला. २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. नवा पांबन पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. वसईच्या खाडीवरचे पूल आहेत, कोकण रेल्वेचे झुआरी आणि मांडवीवरचे आहेत. असे पूल शंभर वर्षांचा विचार करून बांधायचे, तर शंभर वर्षांनंतरचे पाणी कुठवर येईल हा आकडा कोण देणार? तो रेल्वेच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. तो त्या बर्फाखालच्या नोंदींतून येणार आहे. आणि आपल्यातल्या कित्येकांनी निवृत्तीनंतरसाठी अलिबागला जागा घेतली आहे, वसई-विरारला फ्लॅट घेतला आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ खात्याचा नाही, घरचाही आहे.

म्हणून मला चिंता वाटते ती मुदतीची. बर्फाचे काम शतकांचे, आणि मंजुरी मिळते दहा वर्षांची. दर मुदतीनंतर विद्यापीठाने आणि सरकारने पुन्हा एकमेकांचा हात धरला तरच नोंद अखंड राहते. होबार्टमध्ये १९९१ पासून तो धरला गेला आहे, याचे मोल मोठे आहे.

आपला देशही मागे नाही. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. आज वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकात आपली मैत्री आणि भारती ही ठाणी चालू आहेत. कॉलनीतल्या ज्या मुलामुलींना भौतिकशास्त्र किंवा भूगोल आवडतो, त्यांनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी वास्कोचे नाव लक्षात ठेवावे. आयटी सोडून दुसरेही रस्ते आहेत.

आणि सहकाऱ्यांना एकच विनंती. यंदाच्या पावसाळ्यानंतर पूल तपासायला जाल तेव्हा रजिस्टरमध्ये मागच्या वर्षीचा आकडा उतरवू नका. खाली उतरून, पाहून लिहा. पन्नास वर्षांनी तो कुणीतरी वाचणार आहे.