सोपारा ते तेर : एका जुन्या रस्त्यावरची भटकंती

पावसाळा संपत आला की मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "दोन दिवस सुट्टी आहे, काहीतरी जुनं, ऐतिहासिक बघायचंय, कुठे जाऊ?" आजचा भाग त्याचंच उत्तर आहे. आज मी तुम्हाला एक अख्खा रस्ताच सुचवणार आहे.

हा रस्ता दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, गजबजलेला होता. समुद्राकाठी सोपारा आणि कल्याण ही बंदरं. तिथून कोकणपट्टी ओलांडून नाणेघाट. घाट चढला की जुन्नर. पुढे पैठण, आणि त्याच्याही पुढे तेर. ही नावं आपण सुटी सुटी ऐकतो, वेगवेगळ्या सहलींत बघतो. पण ती एकापुढे एक ठेवली की लक्षात येतं, हा माल नेण्याचा आणि आणण्याचा रस्ता आहे. आणि त्यावरून जाणाऱ्या माणसांनी आपली नावं दगडात लिहून ठेवलीत.

सुरुवात सोपाऱ्यापासून करू. म्हणजे आपलं नालासोपारा. विरार लोकलने उतरायचं आणि पश्चिमेला रिक्षा करून स्तूपाकडे जायचं. या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उकरलं, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती, आणि करंडकात एकात एक ठेवलेल्या आणखी डब्या. सगळ्यात आतली सोन्याची. आणि त्या सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे तुकडे! ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे आहेत, अशी ठेवणाऱ्यांची श्रद्धा असणार. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात सापडला. १९५६ साली नवव्याचा तुकडा मिळाला, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूपावर आज तुम्हाला विटांचा ढीग दिसेल. निराश होऊ नका. अर्धा दिवस स्तूपाला आणि अर्धा दिवस संग्रहालयाला, असा बेत करा.

आता घाटाकडे. नाणेघाटाला दोन बाजूंनी जाता येतं. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्याजवळ उतरून चढत गेलात, तर व्यापाऱ्यांच्या पावलांवरून गेल्यासारखं होतं. जुन्नरहून घाटघरमार्गे गेलात, तर गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. जमत असेल तर एकदा तरी खालून चढा. बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर माल लादून हा चढ कसा चढत असतील, ते पायांना कळतं.

माथ्याशी एक गुहा आहे. पावसाळ्यात इथे प्रचंड गर्दी असते, उलटा धबधबा बघायला. त्यातले बरेच जण गुहेच्या दारावरून परत जातात. आत भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यात दिलेली दक्षिणा, याचा तो हिशोब आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हिशोब दिसला की माझं लक्ष आधी आकड्यांकडे जातं. इथले आकडे खरंच बघण्यासारखे आहेत. १,७०० गाई, २४,४०० कार्षापण असे मोठमोठे आकडे इथे अंकांत लिहिलेत, पण शून्य कुठेच नाही. शंभराला एक वेगळी खूण, हजाराला वेगळी. हजाराच्या खुणेला वीसची खूण जोडली की वीस हजार, चारची जोडली की चार हजार. भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला फार वरचं स्थान आहे.

समोरच्या भिंतीवर पुतळे होते. सिमुक, श्रीसातकर्णी, नागनिका, तिचे वडील महारठी, राजकुमार. आता फक्त पायांच्या खुणा उरल्यात, आणि वर नावं. एका राणीने आपल्या घराण्याचा फोटो भिंतीवर लावावा आणि आपल्यापर्यंत त्याच्या खालच्या ओळी तेवढ्या पोचाव्यात, तसं झालंय. बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात.

घाट चढून आलेला माल जुन्नरला पोचायचा. जुन्नर म्हटलं की आपल्याला शिवनेरी आठवतो, आणि ते बरोबरच आहे, १६३० साली शिवाजी महाराज तिथे जन्मले. पण गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत. शिवनेरीच्या कड्यात, लेण्याद्रीला, तुळजा लेण्यांत आणि मानमोडीच्या डोंगरात. सगळी बघायची तर दोन दिवस लागतील. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायला सगळे जातात. ज्या दालनात गणपती आहे, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. त्याच्या शेजारचा चैत्य बघितल्याशिवाय पायऱ्या उतरू नका. तुळजा लेण्यांत गोल चैत्य आहे, वर्तुळात बारा अष्टकोनी खांब आणि मधे स्तूप. असा आराखडा फार कमी ठिकाणी दिसतो. तिथे बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असाल.

पण जुन्नरची खरी श्रीमंती लेखांत आहे. छोटे छोटे लेख, एकदोन ओळींचे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडचे लोक. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. कुणी करंजाची झाडं लावायला शेताचं उत्पन्न लावून दिलं, आणि तो पैसा श्रेणीकडे ठेवला. म्हणजे व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची ही मंडळं आपल्या पतपेढीसारखं काम करत होती. मानमोडीला क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचाही लेख आहे. नाणेघाटात सातवाहन राणी, आणि थोड्याच अंतरावर जुन्नरला त्यांच्या शत्रूचा अधिकारी! हा रस्ता कुणाच्या हातात राहणार, यासाठी लढाया झाल्या. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. नाणी वितळवायलाही थांबला नाही, वरून शिक्का हाणला आणि चालू केली.

पुढचा टप्पा लांबचा आहे, त्याला वेगळी सुट्टी काढा. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लस या पुस्तकात दोन्ही गावं आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून तगर दहा दिवसांवर, असं तो लिहितो. तेरमध्ये त्रिविक्रमाचं देऊळ बघा, विटांचं. मुळात तो चैत्य होता असं मानतात. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, जे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. मराठवाड्यातल्या एका गावाचा धागा कुठपर्यंत जातो बघा!

आता बघायचं कसं, ते सांगतो. निघण्याआधी ब्राह्मीची पाच-सहा अक्षरं शिकून घ्या. अवघड नाही. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ठ म्हणजे साधं वर्तुळ, आजच्या ठमध्येही ते शिल्लक आहे. र म्हणजे उभी रेघ. एवढं आलं तरी भिंत गप्प राहत नाही. लेख प्राकृतात आहेत, त्यामुळे काही शब्द ओळखीचे लागतात. दान दिलेल्या गुहेला ते 'लेण' म्हणतात. आपण आजही लेणंच म्हणतो! दोन हजार वर्षं हा शब्द कुणी जतन केला नाही, लोक तो नुसते बोलत राहिले. टाक्याला ते 'पोढी' म्हणत. तो शब्द मात्र आपल्या बोलण्यातून गेला, दगडात राहिला.

बॅटरी न्या, तिरपा उजेड टाकलात की अक्षरं उठून दिसतात. अक्षरांवर खडू, पाणी, तेल काहीही लावू नका. हातही लावू नका. शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. आणि सकाळी लवकर पोचा.

एक शेवटची गोष्ट, थोडी कडू. यातल्या बऱ्याच ठिकाणी तुम्हाला भिंतींवर खिळ्याने, रंगाने लिहिलेली नावं दिसतील. बदाम, तारखा, मंडळांची नावं. कधी कधी थेट जुन्या अक्षरांवरून. मला यात राग येतो त्यापेक्षा हिशोब चुकल्यासारखं जास्त वाटतं. इरिललाही आपलं नाव राहावं असं वाटलंच असणार. पण या डोंगरावर नाव कोरायचं तर आधी पाण्याचं टाकं द्यावं लागत होतं, लेणं खोदून द्यावं लागत होतं, झाडं लावायला शेत द्यावं लागत होतं. नाव हे देण्याची पावती होतं. धान्यवाल्यांच्या दानाची पावती म्हणजे ती ओळ. ती खरवडली की त्यांनी स्वतः कोरून ठेवलेली मूळ पावतीच उरत नाही. या लेखांचं मूळ एकच आहे, मंडळी. आम्ही ऑफिसात साध्या फाइलच्याही तीन प्रती ठेवतो.

म्हणून जाल तेव्हा एकदा तरी एखादा लेख शोधून त्याच्यासमोर पाच मिनिटं बसा. सोबत मुलं असतील तर त्यांना क आणि ठ शोधायला सांगा. सापडलं की ती स्वतःच कुणाला भिंतीला हात लावू देत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाजवळ या रस्त्यावरचं एखादं लेणं, बारव, जुना घाट असेल तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर फिरत राहा, आणि वाचत राहा!