येशू सुतार होता काय ?

(गांवच्या वाचनालयांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागल्या बाजारच्या दिवशीं सुतारआळींतील एका आबांनीं आम्हांस वाटेंत अडवून विचारलें, "मास्तर, ख्रिस्ती लोकांचा येशू आमच्याच धंद्यांतला होता म्हणतात, तें खरें काय ?" आम्ही चटकन् "होय" म्हणून मोकळे झालों. घरीं येऊन पुस्तक उघडलें, तेव्हां समजलें कीं प्रश्न वाटला तितका सोपा नाहीं. विद्वान् लोक गेलीं अडीचशें वर्षें ज्या रीतीनें हीं पुस्तकें तपाशीत आले, ती सगळी रीत या एका प्रश्नांत दिसून येते. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

येशू होऊन गेला, ही गोष्ट इतिहासकार सहसा नाकारीत नाहींत. तो गालील प्रांतांतला यहुदी. इ. स. २६ ते ३६ पर्यंत यहुदीयावर पिलात नांवाचा रोमन अंमलदार होता, त्याच्या हुकमानें त्याला वधस्तंभावर मारलें. या पिलाताचें नांव कोरलेला दगड १९६१ सालीं कैसरिया येथें सांपडला आहे. पण येशूनें स्वतः लिहिलेली एक ओळहि नाहीं. सर्वांत जुनें लिखाण म्हणजे पौलाचीं पत्रें, सुमारें इ. स. ५० ते ६० मधलीं. चरित्रें मागाहून झालीं. मार्काचें सुमारें ७० सालचें, मत्तय व लूक यांचीं त्यानंतर दहावीस वर्षांनीं, योहानाचें बहुधा शेवटीं. हीं नांवें देखील मूळ लेखकांनीं घातलेलीं दिसत नाहींत. तीं दुसऱ्या शतकांत चिकटलीं.

कोणी म्हणेल, मार्क आधींचा हें कशावरून ? दोन पोरांच्या पाट्यांवर उत्तर सारखें आलें तर मास्तर कांहीं म्हणत नाहीं, पण खाडाखोडहि सारखी दिसली कीं कान धरतो. येशू शिष्यांशीं तोंडीं बोलत आहे, असा एक प्रसंग मार्कांत आहे. त्याच्या मध्येंच, वाचणाऱ्यानें हें नीट समजून घ्यावें, अशी सूचना घुसली आहे. तोंडच्या बोलण्यांत वाचणारा कोठून आला ? ती सूचना लिहिणाराची. आणि मत्तयांतहि नेमकी त्याच जागीं तीच सूचना ! म्हणजे एकानें दुसऱ्याचें समोर ठेवून लिहिलें. मार्काचा बहुतेक मजकूर मत्तयांत आहे. मार्काची भाषा ओबडधोबड, मत्तयाची घासूनपुसून नीट केलेली. यावरून मार्क आधींचा, असें १८६३ सालीं होल्टझमान या जर्मन पंडितानें मांडलें, व आज बहुतेक विद्वान् तें मानतात.

हें ज्ञान फुकट मिळालें नाहीं. १८३५ सालीं स्ट्राउस नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या जर्मन शिक्षकानें येशूचें चरित्र असें तपासून लिहिलें, आणि त्याची नोकरी गेली. १८३९ त झुरिक येथें त्याला नेमलें, तों इतका गहजब झाला कीं, जागेवर बसण्यापूर्वींच पेन्शन देऊन त्याला वाटेस लावलें. तरीहि त्याच वर्षीं खेड्यांतले लोक शहरावर चालून आले व तेथील सरकार पडलें. चालून आलेले आपल्यासारखेच खेडूत होते, हें सांगतांना आम्हांस बरें वाटत नाहीं, पण लपवून तरी काय मिळणार ?

आतां आबांचा प्रश्न. येशू स्वतःच्या गांवीं येऊन शिकवूं लागतो, तेव्हां गांवकरी नाक मुरडतात. मार्कांत ते त्याला सुतार म्हणतात. मत्तयांत सुताराचा मुलगा म्हणतात. लूकांत नुसता योसेफाचा मुलगा. प्रसंग एकच, पण पहिल्यांत वाकस त्याच्या हातीं, दुसऱ्यांत बापाच्या हातीं, आणि तिसऱ्यांत वाकस नाहींच!

मत्तयाला धंद्याची लाज वाटली, असें कोणी म्हणतात. आम्हांस तितकें ठाम म्हणवत नाहीं. पौल देखील आपण हातांनीं कष्ट करतों असें पत्रांत उघड सांगतो, व तो तंबू करणारा होता असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. मत्तयास कदाचित् बापाचा उल्लेखच हवा असेल. पुढें मात्र लाज शिरली, असें दिसतें. इ. स. १७८ च्या सुमारास केल्सस नांवाच्या पंडितानें ख्रिस्ती लोकांची टर उडविणारें पुस्तक ग्रीक भाषेंत लिहिलें. लोकरीचें काम करणारे, चांभार, परीट असले लोक घरांत शिरून बायकापोरांना धर्म शिकवितात, ही त्याची तक्रार; आणि यांचा गुरुहि सुतार, हा टोमणा. सुमारें सत्तर वर्षांनीं ओरिजेन या मोठ्या ख्रिस्ती पंडितानें त्याला उत्तर लिहिलें. होता सुतार, मग तुमचें काय गेलें, असें त्याला म्हणतां आलें असतें. तो म्हणाला कीं, आमच्या मंडळ्यांत चालणाऱ्या शुभवर्तमानांत येशूला स्वतःला सुतार म्हटलेलेंच नाहीं !

एवढा बहुश्रुत मनुष्य मार्काचें वाक्य विसरला, कीं त्याच्यापुढील प्रतींतच तें बदललेलें होतें ? दुसरी गोष्ट अगदीं शक्य आहे. तिसऱ्या शतकांतली एक पपायरसची प्रत आज डब्लिन येथें आहे. तिच्या फाटक्या पानावर मार्काच्या त्याच वाक्यांत सुताराचा मुलगा असें असावेंसें दिसतें. उलट चौथ्या शतकांतल्या दोन मोठ्या प्रतींत, एक व्हॅटिकनची व दुसरी सिनाईच्या मठांत मिळालेली, सुतार हाच शब्द आहे. अशा वेळीं विद्वान् असा विचार करतात : नक्कल करणारा अडचणीचें वाक्य सोयीचें करील; सोयीचें असलेलें मुद्दाम अडचणीचें कशाला करील ? म्हणून मूळ शब्द सुतार हाच धरतात. मूळ ग्रीक शब्दांत घरें बांधणारा कारागीरहि येतो, एवढें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां आबा, आमचें "होय" आम्ही परत घेत नाहीं. फक्त तें कां म्हणतों, हें आतां सांगतां येतें. मराठी नवा करार येथें चौरंगावर ठेवला आहे. मार्क, अध्याय ६, वचन ३. मत्तय, अध्याय १३, वचन ५५. लूक, अध्याय ४, वचन २२. ज्यांना अक्षर येतें त्यांनीं तिन्ही ठिकाणीं बोट ठेवून पाहावें. ज्यांना येत नाहीं त्यांना आमचीं चौथीचीं पोरें वाचून दाखवितील. तीं दिवा विझेपर्यंत येथेंच बसणार आहेत.