पाच इंचांचे छायाचित्र



छायाचित्राचा दर्जा आणि फाइलींचे प्रकार, हा आजचा विषय. तो आमच्या घरात शिरला तो असा. गेल्या वर्षी मातोश्री वारल्या. त्यांचे एक छायाचित्र मोठे करून घ्यावे म्हणून आम्ही स्टुडिओत गेलो. फाइल पाहून तेथील मुलगा म्हणाला, "काका, हे पाच इंचांच्या वर चांगले यायचे नाही." मोबाइलवर तर ते लखलखीत दिसत होते! पुतण्याने काढलेले मूळ चित्र ४००० बाय ३००० बिंदूंचे. मेसेजातून आमच्याकडे आले ते १६०० बाय १२०० चे. आणि जागा हवी म्हणून त्याने मूळ पुसून टाकलेले. चांगल्या छपाईस इंचामागे ३०० बिंदू धरतात. हिशेब श्रोत्यांनीच करावा.

बिंदू घटले हे एक. दुसरे नुकसान सूक्ष्म, आणि आम्हांस तेच अधिक बोचते. १९९२ साली प्रमाण ठरलेली जेपेग पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते, त्यांतील ठळक चढउतार राखते आणि बारीक चढउतार ढोबळ आकड्यांत बसवते. डोळ्याला उजेडापेक्षा रंगातला फरक कमी कळतो, म्हणून रंगाच्या बाबतीत कात्री बहुधा आणखी सढळ चालते. युक्ती हुशारीची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु लुगड्याचा पोत, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, जे बारीक ते आधी जाते. नुसती उघडून पाहिल्याने फाइल झिजते असे पुष्कळांना वाटते, तसे नाही. फेरफार करून पुन्हा जतन केली की झिजते. मग तिचे टिफ करा की आणखी काही; ताकाचे पुन्हा दूध होत नाही.

आणि रॉ? त्यात संवेदकाने मोजलेले आकडे जवळजवळ जसेच्या तसे राहतात. चौदा बिटांचे असतील तर १६,३८४ पायऱ्या; जेपेगात रंगामागे २५६. सावलीतला चेहरा उजळावयाचा तर त्या कामी येतात. जेवणाच्या ताटाला रॉ कशाला? जुने फोटो स्कॅन करणाऱ्यांनी मात्र एक प्रत टिफमध्ये ठेवावी. आणि चित्र धाडताना फोटो म्हणून न धाडता 'डॉक्युमेंट' म्हणून धाडावे. फाइल आहे तशी पोचते.

आम्ही चित्र पाच इंचांचेच छापले. चौकट मोठी घेतली, भोवती पांढरा कागद सोडून. पुतण्यास काही बोललो नाही. "फोटो पोचला, छान आहे," असे त्याला आम्हीच कळविले होते.