कांचेच्या पेटींतील काळी नदी

ब्राझिलमधील मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी, गढूळ पाण्याच्या सोलिमोंइस नदीस मिळते. परंतु दोघींचे प्रवाह सुमारें ६ किलोमीटरपर्यंत एकमेकांत न मिसळतां शेजारून वाहतात. ओंजळींत घेतल्यास हें पाणी काळें नव्हे, तर कोऱ्या चहासारखें तांबूस दिसतें. अरण्यांतील कुजत्या पाचोळ्याचा अर्क त्यांत उतरलेला असतो. क्षार मात्र जवळजवळ नसतात. नदीस पूर आला कीं ती कांठच्या अरण्यांत शिरते, आणि जेथें पक्षी बसत तेथें बुडालेल्या फांद्यांमधून मासे हिंडूं लागतात. त्यांपैकीं निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, जेमतेम दीड इंचाचा कार्डिनल टेट्रा पुष्कळ घरांतून पाळला जातो. पण त्याच्या नशिबीं बहुधा गुलाबी खडे आणि प्लॅस्टिकचा किल्ला येतो!

त्याचें घर त्याला द्यावयाचें तर पेटी ३ फूट लांब, १ फूट रुंद व दीड फूट उंच असावी. तळाशीं धुतलेली बारीक पांढरी वाळू पसरावी. समुद्रकांठची नको, तींतील शिंपल्यांच्या चुऱ्यानें पाणी जड होतें. साल काढलेल्या वाळक्या फांद्या मुळांसारख्या रचून वर देशी बदामाचीं गळलेलीं सुकीं पानें टाकावींत. हा वृक्ष आशियांतला, म्हणून कांटेकोर शौकीन नाक मुरडतील. परंतु अंगणांतला पाचोळा सोडून ब्राझिलहून पाचोळा मागविण्यांत शहाणपण तें कोणतें? क्षार काढलेल्या पाण्यांत क्लोरीन घालविलेलें थोडें नळाचें पाणी मिसळावें, व उष्णता २६ ते २८ अंश राखावी.

खरी परीक्षा यापुढें आहे. दुकानदार पेटी व मासे एकाच दिवशीं विकतो, आणि आठवड्याच्या आंत उलटे तरंगणारे मासे पाहून घरांतील मूल रडूं लागतें. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया हें विष निघतें. त्याचें प्रथम नायट्राइट व मग सौम्य नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू नव्या पेटींत नसतात. ते वाढण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. तोंवर रिकाम्या पेटींत माशांच्या अन्नाची रोज चिमूट टाकीत राहावें, आणि तपासणीच्या थेंबांनीं पहिलीं दोन्हीं विषें शून्यावर आलेलीं दिसल्यावरच सहा-सात मासे सोडावेत. अति आम्ल पाण्यांत हे जंतू मंदावतात; म्हणून मूळ नदीची ४ ते ५ पीएच गांठण्याचा हट्ट धरूं नये, ६ पुरे.

सोडलेले मासे प्रथम पानांखालीं दडून बसतात. दिवा मंद ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ते थव्यानें बाहेर येतात, व तांबूस पाण्यांत त्यांची निळी रेघ चमकूं लागते.