गुत्त्यापासून मतपेटीपर्यंत



अमेरिकेतील दारूबंदीचा विषय निघाला की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक, तो कायदा साफ फसला. आणि दुसरी, हाती कुऱ्हाड घेऊन गुत्ते फोडणाऱ्या एका बाईची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु तेवढ्यावरच थांबले, तर त्या देशातील हजारो बायका जवळजवळ पन्नास वर्षे कशासाठी झटत होत्या, याचा उलगडा होत नाही. तो करण्याचा आज आमचा प्रयत्न आहे.

बायकांनी दारूचाच प्रश्न का हाती घेतला? इंग्रजी कायद्याच्या वारशामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील विवाहित स्त्रीला नवऱ्याहून वेगळे असे कायदेशीर अस्तित्व जवळजवळ नव्हतेच. तिची मजुरी नवऱ्याची, मुलांवरचा ताबा नवऱ्याचा. नवऱ्याने घराची वाट सोडून गुत्त्याची धरली, तर तिने लोकांची धुणी धुऊन मिळवलेला पैसाही त्याच वाटेने जाई, आणि तो कायद्याने जाई. न्यूयॉर्कसारख्या राज्यातही स्वतःच्या कमाईवर स्त्रीचा हक्क मान्य व्हायला १८६० साल उजाडले. तेव्हा दारू हा तिच्या लेखी केवळ नीतीचा प्रश्न नव्हता. चुलीचा आणि हक्काचा होता.

पण हे बोलायचे कोठे? १८५२ साली ऑल्बनी येथे मद्यनिषेधवाल्या पुरुषांची सभा भरली होती. सूझन अँथनी बोलण्यास उठल्या, तेव्हा भगिनींना येथे बोलण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी बोलावले आहे, असे त्यांना सुनावण्यात आले. त्या सभेतून उठून गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्यासह स्त्रियांची निराळी संस्था काढली. पुढे मताधिकाराच्या लढ्यात गाजलेली ही जोडी मद्यनिषेधाच्या सभेतूनच अशी पुढे आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी ओहायो राज्यातील हिल्सबरो या लहानशा गावी जे घडले, ते तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. २४ डिसेंबर १८७३, नाताळचा आदला दिवस. गव्हर्नराची मुलगी आणि न्यायाधीशाची पत्नी असलेल्या एलायझा थॉम्प्सन यांच्यामागून सुमारे सत्तर बायका प्रार्थनामंदिरातून निघाल्या आणि थेट गावातील सलूनांकडे गेल्या. सलून म्हणजे केस कापण्याचे दुकान नव्हे. अमेरिकेत ते दारूच्या गुत्त्याचे नाव! कुलीन स्त्रीने त्याच्या दारातही उभे राहू नये, असा संकेत. तेथे या बायकांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, भजने म्हटली आणि धंदा सोडण्याची विनवणी केली. थोड्याच महिन्यांत हे लोण राज्याराज्यांत पसरले. गुत्ते पटापट बंद झाले, आणि त्यांतले पुष्कळ पुढे पुन्हा उघडलेही. पण उंबरठा ओलांडलेल्या बायका पहिल्यासारख्या घरी परतल्या नाहीत.

१८७४ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंड येथे त्यांनी स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यनिषेध संघ स्थापन केला. १८७९ पासून १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत फ्रान्सिस विलर्ड या त्याच्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या काळात ही त्या देशातील स्त्रियांची सर्वांत मोठी संघटना बनली. बाईंचे चातुर्य असे की मताधिकाराला त्यांनी नाव दिले ‘गृहरक्षण’. जी सोज्वळ गृहिणी राजकारण म्हटले की कानांवर हात ठेवी, तीच घर राखण्यासाठी मत मागू लागली! बालोद्यान, तुरुंगातील स्त्रिया, आठ तासांचा दिवस, मुलींचे संमतिवय, सारे काही संघाने अंगावर घेतले. आणि गरिबी हे दारूचे केवळ फळ नसून कारणही आहे, हे विलर्डबाईंनी उत्तरायुष्यात उघड बोलून दाखविले.

या चळवळीचे वर्णन मराठीत फार लवकर आले. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली अमेरिकेस गेलेल्या पंडिता रमाबाईंनी विलर्डबाईंची भेट घेतली, आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात स्त्रियांच्या या संघटनेची ओळख करून दिली.

आता ती कुऱ्हाडवाली बाई. कॅरी नेशन यांचा पहिला नवरा, डॉक्टर असूनही, दारूपायी गेला. कॅन्सस राज्यात १८८० पासून घटनेनेच दारूबंदी होती, तरी गुत्ते राजरोस चालत. १९०० साली त्यांनी ते फोडण्यास सुरुवात केली. त्यांचा सवाल सरळ होता: जे कायद्याने अस्तित्वातच नाही, ते मोडणे हा गुन्हा कसा? आततायीपणा आम्हांला मान्य नाही. पण या सवालाचे उत्तर देणे राज्यकर्त्यांना सोपे नव्हते.

चळवळीचे दोषही झाकून चालणार नाही. दक्षिणेत संघाच्या शाखा वर्णभेदावर उभ्या होत्या. काळ्या पुरुषांच्या दारूबद्दल विलर्डबाई जे बोलल्या, त्याने झुंडीच्या हत्यांना बळ मिळते, असा आरोप आयडा वेल्स या निर्भय काळ्या पत्रकार स्त्रीने १८९४ मध्ये इंग्लंडात जाहीरपणे केला. आमच्या मते तो यथार्थ होता. ज्यांनी आपल्या घराचे रक्षण मागितले, त्यांना शेजारणीचे घर दिसले नाही.

शेवटी काय झाले? १९१३ च्या प्राप्तिकराने सरकारला दारूच्या कराची गरज कमी झाली, पुरुषांच्या सलूनविरोधी लीगने आमदार-खासदारांना कोंडीत पकडले, महायुद्धाने जर्मन दारूवाल्यांविषयी द्वेष पेटविला, आणि जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी सुरू झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात मताधिकाराची घटनादुरुस्ती मंजूर झाली. दक्षिणेतील बहुतेक काळ्या स्त्रियांना मात्र प्रत्यक्ष मतदानासाठी १९६५ पर्यंत थांबावे लागले. १९३३ मध्ये दारूबंदी रद्द झाली, आणि ती रद्द व्हावी म्हणून १९२९ पासून झटणारी एक मोठी संघटना स्त्रियांचीच होती! तिच्या पुढारी पॉलीन सेबिन एके काळी दारूबंदीच्याच बाजूच्या होत्या.

याला कोणी पराभव म्हणेल. आम्ही म्हणत नाही. १८५२ साली ज्यांना केवळ ऐका असे सांगितले गेले, त्यांच्या लेकी-नाती १९३३ साली दोन्ही बाजूंनी बोलत होत्या, आणि देशाला ते ऐकावे लागत होते. कायदा आला तसा गेला. बोलण्याची सवय मात्र गेली नाही. मद्यनिषेधाच्या चळवळीने स्त्रियांना दिलेले खरे दान आम्ही हेच समजतो.