फाईलीत न मावणारं बालपण

बालगृहं, शिशुगृहं, निरीक्षणगृहं यांत काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

पंढरपुरात या अधिवेशनासाठी जमलो आहोत, म्हणून सुरुवात इथल्या बालकाश्रमापासून करते. त्याच्या आधी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. यात्रेच्या निमित्ताने येऊन विधवा बायका इथे मूल ठेवून जात. ते घेऊन परतल्या असत्या तर घरात पाऊल टाकू दिलं नसतं. ती मुलं वाढली, कारण कुणीतरी त्यांना दूध पाजलं, तापात उशाशी बसलं. दूध पाजणाऱ्या त्या बायांची नावं मला कुठल्या पुस्तकात सापडली नाहीत. आज तेच काम करणाऱ्यांना शासकीय कागदावर काळजीवाहक म्हणतात आणि मुलं मावशी, काका म्हणतात. मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

पोलीस रात्री मूल घेऊन येतात तेव्हा काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. फाईल उघडते: फोटो, उंची, वजन, अंगावरच्या खुणा, वैद्यकीय तपासणी, मग समितीचा आदेश, पुढे गृहचौकशी अहवाल. हे सगळं हवंच. पण मूल वाढतं ते फाईलीबाहेर.

आमच्या बालगृहात एक सहा वर्षांची मुलगी आली होती. रोज रात्री चपाती उशीखाली लपवायची. सकाळी गादीवर मुंग्यांची रांग. मावशींनी तिला एका शब्दाने रागावलं नाही. झाकणाचा एक छोटा डबा आणला, त्यात चपाती ठेवून तो तिच्या उशाशी ठेवायला लागल्या. रात्री जाग आली की ती झाकण उघडून बघायची, पुन्हा लावायची. बरेच दिवस गेले. एका सकाळी मावशी ऑफिसच्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, आज डबा उघडलेलाच नाही." त्यांचा चेहरा असा फुलला होता की समोर बसलेल्या पाहुण्यांनी विचारलं, काही बक्षीस मिळालं का? त्या महिन्याच्या अहवालात याची नोंद करायला रकाना नव्हता.

दुःखाला तरी कुठे रकाना आहे? आपल्याकडची पुष्कळ मुलं अनाथ नसतात. कुणाची आई असते, कुणाचे वडील, कुणाची आजी. भेटीच्या दिवशी ती मुलं लवकर अंघोळ करतात, वेण्या दोनदा घालून घेतात आणि फाटकाच्या बाजूला बसून राहतात. पाच वाजेपर्यंत कुणी आलं नाही, तर त्या मुलाला आत आणायचं काम अधीक्षक करत नाहीत, मावशी करतात. बहीणभाऊ असले तर मुलगी मुलींच्या बालगृहात, मुलगा मुलांच्या, कधी तर वेगळ्या जिल्ह्यात. नऊ वर्षांची बहीण फोनवर भावाला 'जेवलास का' विचारते, तेव्हा फोन धरून उभ्या असलेल्या मावशी तोंड फिरवतात.

शिशुगृहातली गोष्ट याहून अवघड. सोडून दिलेलं बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल, तर पालकांच्या शोधाला दोन महिने, त्याहून मोठं असेल तर चार. मग समिती त्याला दत्तकासाठी मोकळं करते. घर मिळतं. हीच तर आपली इच्छा असते! नवे आईवडील येतात आणि विचारतात, ही झोपते कशी? मावशी सांगतात, "खांद्यावर झोपत नाही ती. पायांवर आडवी घ्या, उजव्या कानामागे बोट फिरवा." गाडी निघून जाते. मावशी स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसतात. त्या पाळण्यात संध्याकाळी दुसरं बाळ असतं, आणि ते रडत असतं.

घरातल्या मुलाला आई हजारदा सांगते, तू असा चालायला लागलास, पावसाला असा घाबरायचास. आपल्या मुलांकडे हे सांगणारं माणूस एकच असतं, आणि ते बहुतेकदा कंत्राटावर असतं. पगार थकतो, कंत्राट संपतं, मावशी दुसरीकडे स्वयंपाकाला लागतात. बारा वर्षांनी मुलगा लग्नपत्रिका घेऊन येतो आणि हळूच विचारतो, "मी लहानपणी कसा होतो?" आपण त्याला आदेशाची प्रत दाखवतो. राज्यात अनाथांना २०१८ पासून सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण मिळालं, संस्थेतून बाहेर पडल्यावर वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. हे मोलाचं आहे. पण त्या मुलाचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. काळजीवाहकांची पदं कायम करा आणि त्यांचा पगार अनुदानाच्या हप्त्याला बांधू नका. मुलाला टिकणारं माणूस हवं, आणि घरभाडं थकलेलं माणूस टिकत नाही. दुसरं, प्रत्येक मुलाची एक वही असावी. मावशींनी सांगावं, लिहिता येत असेल त्याने लिहावं: पहिला दात, आवडता सदरा, कशाची भीती, कुणाशी गट्टी. काही जण गोपनीयतेचा मुद्दा काढतील. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, ती हवीच. पण ही वही तपासणीला दाखवायची नाही, देणगीदारांपुढे वाचायची नाही. ती मुलाची. दत्तक जाताना, घरी परतताना, अठराव्या वर्षी बाहेर पडताना ती त्याच्या सामानात गेली पाहिजे.

दुपारच्या सत्रात यावर ठराव आहे. आधी मावशी आणि काका बोलतील. आम्ही अधीक्षक आणि अधिकारी तोवर ऐकू, आणि मसुदा त्यांच्या बोलण्यानंतरच लिहायला घेऊ.