अवजार दिले, कागद दिला नाही
(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आज भावाच्या गोष्टीआधी एका अवजाराबद्दल बोलायचे आहे. हे अवजार लोखंडाचे नाही. फेसबुकवर आणि एक्सवर आपल्या जिल्ह्याचे जे पान आहे, त्यावर ठरल्या वेळी निरोप टाकणारे हे अवजार आहे. निरोप आज लिहून ठेवायचा, वेळ नेमून द्यायची. वेळ झाली की निरोप आपोआप जातो.

हे काम पूर्वी दोनचार पोरे करीत. वेचणी लागली की पोरे वावरात आणि पान ओस. म्हणून आम्ही ते काम एआय एजंटकडे दिले. एजंट म्हटले की आपल्याला बाजारातला दलाल आठवतो. हा तो नव्हे. हा संगणकावरचा प्रोग्रॅम आहे. ‘सभेचा निरोप उद्या सकाळी टाक’ एवढे मराठीत सांगितले की तो मजकूर तयार करतो, अवजार हाती घेतो आणि काम उरकतो.

पहिल्याच सभेला फजिती झाली. सभा 11 वाजता. निरोप सकाळी 6 वाजता जायचा होता, तो गेला साडेअकराला. तोवर माणसे वावरात पोचली होती. सभेत सतरंज्या जास्त आणि माणसे कमी. आम्ही सगळे यंत्राच्या नावाने ओरडलो. मग नीट पाहिले. एजंटने 6 हा आकडा बरोबर लिहिला होता, पण तो ग्रिनिचच्या वेळेत. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. सहा आणि साडेपाच, साडेअकरा. हिशेब चोख होता. आपली वेळ कोणती, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते. चूक आमची होती. आम्ही अवजार दिले, कागद दिला नाही.

गावातल्या सालगड्याला सगळे सांगावे लागत नाही. कोणते वावर चिबडते, कोणता बैल बुजतो, हे त्याला ठाऊक असते. एजंट मात्र दर वेळी परगावाहून नवा आल्यासारखा कामाला लागतो. कालची फजिती त्याच्या ध्यानात असेलच असे नाही. कागदावर लिहून ठेवले तेवढेच त्याचे.

अवजारे बनवणाऱ्यांनाही हे उमगले आहे. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये एजंट आणि अवजार जोडण्याची एक सामाईक रीत जाहीर केली. तिच्यात प्रत्येक अवजाराने आपले नाव, आपले काम आणि आपल्याला कोणती माहिती लागते हे शब्दांत सांगायचे असते. ते वाचूनच एजंट अवजार उचलायचे की नाही ते ठरवतो. पोस्टीझ नावाचे निरोप टाकण्याचे मुक्तस्रोत अवजार आहे. त्याच्यासोबतही एजंटसाठी सूचना येतात: आधी खात्यांची यादी माग, चित्र असेल तर ते आधी चढव, मग निरोप लाव. पण अवजारवाल्याच्या कागदात आपला जिल्हा नसतो. तो आपणच लिहायचा. आम्ही लिहिला. त्यात पाच गोष्टी आहेत.

पहिली, वेळ. सर्व वेळा भारतीय. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 03/04 म्हणजे आपल्याला 3 एप्रिल. अमेरिकेत ती 4 मार्च होते.

दुसरी, लांबी. एक्सच्या साध्या खात्यावर 280 अक्षरांची मर्यादा आहे, आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतात. ‘ज्वारी’ आपल्याला दोन अक्षरांची दिसते; यंत्र सहा मोजते. मजकूर बसत नसेल तर सभेचे गाव आणि वेळ कापायची नाही, भाषण कापायचे.

तिसरी, अडचण. निरोप गेला की नाही याचे उत्तर आले नाही, तर लगेच दुसऱ्यांदा टाकायचा नाही. आधी यादी पाहायची. नाहीतर एकच निरोप तीनदा जातो आणि लोक वाचणेच सोडतात.

चौथी, आकडे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2024-25 च्या हंगामासाठी क्विंटलला 7,521 रुपये होता. 2025-26 साठी तो 8,110 झाला. एजंट जुन्या वाचनावरून बिनधास्त जुना आकडा लिहू शकतो. फरक 589 रुपयांचा. तो निरोप आपल्या पानावरून गेला, तर घरात कापूस भरून बसलेला शेतकरी आपल्यावर विश्वास ठेवून त्याच आकड्यावर सौदा करून मोकळा होईल. म्हणून कागदात लिहिले आहे: भाव आम्ही दिलेल्या तक्त्यातूनच घ्यायचा, सोबत हंगाम आणि प्रत लिहायची. तक्त्यात नसेल तर जागा कोरी ठेवून विचारायचे.

पाचवी, शेवटचा शब्द. एजंटने मसुदा ठेवायचा. माणसाने वाचून होकार दिल्यावरच वेळ लावायची. पानाखाली कोणी लिहिले की ‘सभा रद्द झाली, कळवून टाक’, तर तो हुकूम समजायचा नाही. हुकूम फक्त नेमलेल्या कार्यकर्त्यांचा. आणि खात्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, या कागदावर कधीही लिहायची नाही.

हा कागद पारखायचा कसा? ज्याने हे अवजार कधी पाहिले नाही अशा माणसाला तो वाचायला द्या. तो अडला की विचारतो. एजंट पुष्कळदा विचारत नाही, अंदाजाने पुढे जातो. म्हणून माणूस जिथे थांबला, तिथे एक ओळ वाढवा.

कागदाच्या प्रती मागे ठेवल्या आहेत. तालुक्यागणिक एक न्या, बैठकीत मोठ्याने वाचा. जे कळले नाही आणि जे चुकले, ते तारखेसह खाली लिहून पुढच्या बैठकीला परत आणा. निरोप यंत्र टाकते, पण त्याखाली नाव आपले असते. भाव चुकला तर गावात जाब आपल्यालाच द्यायचा आहे.